कुत्रं घेऊन डोंगरावर निघालात? आधी वाट चुकण्याचा हिशेब करा

नाशिकरोड : रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास बिटको चौकात उभं राहिलं, की हल्ली एक चित्र हमखास दिसतं. चारचाकीच्या मागच्या खिडकीतून लॅब्राडोर नाहीतर जर्मन शेफर्ड मान बाहेर काढून बसलेला, पुढं बूट-सॅक घेतलेली दोन-तीन पोरं, आणि गाडी निघालेली रामशेज, अंजनेरी नाहीतर पांडवलेणीच्या बाजूला. दुपारपर्यंत परत यायचं, एवढंच ठरलेलं. सोबत पाण्याच्या दोन बाटल्या आणि बिस्किटाचे पुडे.

हौस चांगली आहे. माणसालाही चालणं होतं, चार भिंतीत कोंडलेल्या जनावरालाही मोकळं वाटतं. पण आपल्या भागात डोंगर म्हणजे बाग नव्हे. इथं वाटेला फाटे फुटतात, पायथ्याला ऊस नाहीतर द्राक्षबाग आहे, आणि त्या उसात बिबट्या आहे. ठरलेल्या वाटेनं गेलं आणि आलं तर बहुतेक वेळा काही होत नाही. घोळ होतो तो वाट सुटल्यावर. आणि कुत्रं सोबत असलं की वाट सुटायची शक्यता वाढते, ही गोष्ट कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आमच्यावर काय बेतलं

मागच्या जानेवारीत भाचा म्हणाला, “मामा, ब्रुनोला घेऊन डोंगरावर जाऊ. तुम्हाला सगळे रस्ते माहीत आहेत.” ब्रुनो म्हणजे त्याचा तीन वर्षांचा लॅब्राडोर. मी शेतकरी माणूस, डोंगरात जन्म गेला, त्यामुळं मलाही फुशारकी आली. दिंडोरी तालुक्यातला एक डोंगर ठरवला. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक डोंगराची नव्हती.

चढताना काही अडचण आली नाही. अकराला माथ्यावर पोचलो. भाच्यानं फोटोसाठी ब्रुनोचा पट्टा सोडला. गवतातून ससा उठला आणि ब्रुनो त्याच्या मागं. हाका मारल्या, शिट्ट्या मारल्या, काही उपयोग नाही. घरात ‘बस’ म्हटलं की बसणारं कुत्रं सशापुढं बहिरं होतं, हे त्या दिवशी समजलं.

आम्ही त्याच्या मागं पलीकडच्या बाजूला उतरत गेलो. तासाभरानं तो एका नाळेत सापडला. जीभ बाहेर, पुढच्या पंजाची गादी फाटलेली. तोवर पाणी संपत आलेलं. खाली गाव दिसत होतं, अगदी हाकेच्या अंतरावर वाटत होतं. मी म्हणालो, “परत वर कशाला चढायचं? नाळेनं सरळ उतरू.”

बरं झालं, तिथं एक आजी शेळ्या चारत होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, त्या नाळेनं नका जाऊ. खाली कडा हाय. पावसाळ्यात तिथून पाणी पडतं, माणूस उतरत नाही.” मग त्यांनीच दाखवलेल्या वाटेनं परत वर, आडवं चालून मूळ वाटेला, आणि मग खाली. पस्तीस किलोचं कुत्रं आळीपाळीनं खांद्यावर. गाडीजवळ आलो तेव्हा दिवस मावळला होता आणि शेवटचा टप्पा उसाच्या बांधावरून होता. दोन माणसं, मोबाईलचा उजेड आणि एक लंगडणारं, कण्हणारं कुत्रं. त्या दहा मिनिटांत मी किती वेळा मागं पाहिलं, ते माझं मला माहीत.

वाट का चुकते

जुनी माणसं याला चकवा लागला म्हणतात. पण चकव्याची कारणं डोळ्यांनी दिसणारी असतात.

पहिलं कारण ढोरवाट. डोंगरावर दिसणाऱ्या पुष्कळ वाटा माणसांच्या नसतात, गुरांच्या आणि शेळ्यांच्या असतात. जनावर चाऱ्यासाठी फिरतं, गावाला जाण्यासाठी नाही. त्यामुळं ढोरवाट चांगली रुळलेली दिसते आणि शे-दोनशे पावलांवर झुडपात विरून जाते. चढताना सगळ्या वाटा माथ्याकडं एकत्र येतात म्हणून चूक कळत नाही. उतरताना त्याच वाटा फुटत जातात. म्हणून चढणीपेक्षा उतरणीला माणूस जास्त चुकतो.

दुसरं कारण आपला दगड. सह्याद्री लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. त्यामुळं डोंगर घसरगुंडीसारखा एकसारखा उतरत नाही, जिन्यासारखा उतरतो. थोडी सपाटी, मग सरळ कडा, पुन्हा सपाटी. वरून पाहिलं तर वरची सपाटी आणि खालचं गाव दिसतं, मधला कडा दिसतच नाही. नाळ म्हणजे पाण्यानं कोरलेली घळ. पाणी कड्यावरून उडी मारू शकतं, आपण नाही.

तिसरं कारण गवत. पावसाळ्यानंतर कमरेइतकं गवत वाढतं आणि पायवाट झाकून टाकतं. जूनमध्ये पाहिलेली वाट ऑक्टोबरमध्ये सापडत नाही.

आणि चौथं कारण म्हणजे सोबतचं कुत्रं. माणूस डोळ्यानं वाट शोधतो, कुत्रं नाकानं चालतं. ससा, घोरपड, रानडुक्कर, कुणाचाही वास आला की ते तिकडं ओढतं. “कुत्र्याला परतीची वाट बरोबर कळते” असं लोक सांगतात. रोजच्या फिरण्यातल्या रस्त्यावर ते खरंही असेल. पण फ्लॅटमध्ये वाढलेलं आणि गाडीतून डोंगराच्या पायथ्याला आणून सोडलेलं कुत्रं घाबरलं, तर कुठं जाईल याचा नेम नसतो. त्याच्या भरवशावर राहू नका.

बिबट्याच्या नजरेत कुत्रं

दारणा आणि वालदेवी काठच्या लोकांना हे सांगायची गरज नाही. पण शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. बिबट्याला कुत्रं म्हणजे सोपी शिकार. अंगापिंडानं बरोबर बसणारं, फार लढा न देणारं आणि भुंकून आपण कुठं आहोत ते स्वतःच सांगणारं.

हे नुसतं ऐकीव नाही. आपल्या सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांवर अभ्यास केला. विष्ठा तपासून बिबटे काय खातात ते पाहिलं. बिबट्यांनी खाल्लेल्या एकूण मांसात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. म्हणजे शेळीपेक्षाही कुत्रं जास्त. हा भाग राखीव जंगलाचा नव्हता, आपल्यासारखाच ऊस आणि वस्तीचा होता.

२०२० साली दारणाकाठच्या गावांत काय झालं ते या भागात कुणी विसरलेलं नाही. बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, लहान लेकरं गेली. वनखात्यानं जागोजाग पिंजरे लावले, बिबटे पकडले. त्यानंतर आमच्याकडं अंधार पडल्यावर पोराला एकट्यानं शेजारच्या वस्तीवर पाठवत नाहीत. माझा स्वतःचा काळ्या, सात वर्षांचा गावठी कुत्रा, पावसाळ्यातल्या एका रात्री ओट्यावरून गेला. आवाज एकदाच आला. सकाळी उसाच्या सरीत ओढल्याची खूण आणि तुटलेला पट्टा, एवढंच मिळालं.

धनगर लोक त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, तो शोभेसाठी नसतो. बिबट्या गळा धरतो म्हणून असतो. पण तो पट्टा घातला म्हणजे आपण मोकळे, असंही नाही.

डोंगरावर जाणाऱ्यांनी यातून तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, बिबट्या दिवसा बहुधा दडून असतो. धोक्याची वेळ म्हणजे संध्याकाळपासून सकाळ उजाडेपर्यंत. डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या सुमारास दिवस मावळतो. म्हणून चारला तुम्ही पायथ्याला हवेत. दोन, सुटलेलं कुत्रं बिबट्याला पाहून घाबरलं तर पळत मालकाकडंच येतं आणि मागून काय येईल ते सांगता येत नाही. तीन, नोव्हेंबरपासून ऊसतोड सुरू होते. लपायची जागा गेल्यामुळं बिबटे हलतात, मादीसोबत पिल्लं असतात. नेमका हाच काळ आपल्या फिरण्याचा हंगाम असतो.

बिबट्या समोर दिसलाच तर पळू नका, खाली बसू नका. वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. सरळ उभं राहा, लहान मुलाला उचला, कुत्रं पायाशी आखूड धरा, मोठ्यानं बोला आणि तोंड त्याच्याकडं ठेवून हळूहळू मागं सरका. त्यानं कुत्रं धरलंच, तर ओढाओढ करायला जवळ जाऊ नका. लांबून सगळ्यांनी मिळून आरडाओरडा करा. लिहायला कठीण वाटतं, पण कुत्र्यापायी माणूस गमावू नये.

कुठं चालतं, कुठं नाही

निघण्याआधी ही माहिती घेतली नाही, तर पहिला वळसा गेटवरच पडतो.

पांडवलेणी म्हणजे त्रिरश्मी डोंगरावरची २४ लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहेत. १९५९ च्या नियमांनुसार देखभालीच्या कामाशिवाय तिथं प्राणी आत नेता येत नाही. ‘छोटंच आहे, कडेवर घेतो’ हे चालत नाही. पायथ्याच्या नेहरू वनोद्यानात जायचं असेल तर आधी गेटवर विचारा, मग कुत्रं गाडीतून उतरवा. विचारायला कुणी गेलं की दुसऱ्यानं गाडीत कुत्र्याजवळ थांबा. बंद गाडीत कुत्रं एकटं ठेवू नका, उन्हात काही मिनिटांत गाडीची भट्टी होते.

निफाडचं नांदूरमध्यमेश्वर हे १९८६ पासून अभयारण्य आहे आणि त्याला रामसर दर्जाही मिळाला आहे. हिवाळ्यात तिथं हजारो पाहुणे पक्षी उतरतात. तिथं कुत्रं न्यायचंच नाही. एक कुत्रं पाण्याकडं धावलं की अख्खा थवा उडतो, आणि लांबून आलेल्या पाखरांची ताकद फुकट जाते.

अंजनेरी हा संवर्धन राखीव भाग आहे. कड्यांवर गिधाडं आहेत, पठारावर जगात दुसरीकडं क्वचित सापडणारी कंदीलपुष्पाची जात आहे. वर जायच्या आधी वनखात्याच्या माणसाला विचारावं. शिवाय वाटेवर माकडं आहेत. माकडांची टोळी आणि एकटं कुत्रं यांच्यात कुत्रंच जखमी होतं. रामशेजच्या जवळचा बोरगड तर २००८ मध्ये घोषित झालेलं राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र. तिथंही तीच काळजी.

रामशेज म्हणजे १६८२ पासून कित्येक वर्षं मोगलांना झुंजवणारा किल्ला. आशेवाडीतून वाट सोपी आहे, म्हणून गर्दीही असते. वर रामाचं ठिकाण आहे, पाण्याची टाकी आहेत. एकानं बाहेर कुत्र्याजवळ थांबावं, बाकीच्यांनी दर्शन घ्यावं, मग आळीपाळी करावी. आणि कुठल्याही गडावरच्या टाक्यात कुत्रं उतरवू नका. ते पाणी गुराखी पितात, वाटसरू पितात. गावकरी चिडतात ते उगाच नाही.

देवळालीच्या बाजूला बहुला किल्ला आणि भोवतालचा माळ तोफखान्याच्या गोळीबाराच्या क्षेत्रात येतो. परवानगीशिवाय तिकडं पाऊलही टाकू नका. चुकून वळालात आणि फलक किंवा लाल झेंडा दिसला, तर आल्या वाटेनं परत फिरा. लोखंडाचा तुकडा पडलेला दिसला तर हात लावू नका आणि कुत्र्यालाही तोंड लावू देऊ नका.

ऊन, कुसळं आणि साप

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकूनच अंग थंड करतं. त्यामुळं आपल्याला नुसतं गरम वाटतं तेव्हा त्याला चटका बसत असतो. काळा कातळ दहानंतर तापायला लागतो. हाताची मागची बाजू दगडावर ठेवा आणि सात आकडे मोजा. तेवढा वेळ हात टिकत नसेल, तर कुत्र्याचे पायही टिकणार नाहीत. मार्च ते मे डोंगर नकोच. चपट्या नाकाचं पग असेल तर कुठल्याच महिन्यात मोठी चढण नको.

वीस किलोच्या कुत्र्याला घरी बसूनही दिवसाला लिटरभर पाणी लागतं. डोंगरात दुप्पट धरा, आणि ते तुमच्या पाण्याशिवाय वेगळं. फार धापा, दाट लाळ, झोकांड्या अशी लक्षणं दिसली तर सावलीत न्या, पोटावर आणि पायांवर साधं पाणी टाका, बर्फ लावू नका आणि तसंच जनावरांच्या डॉक्टरकडं पळा.

दिवाळीच्या आसपास गवताला कुसळं येतात. आपल्या पायमोज्यात रुततात तीच कुत्र्याच्या कानात, बोटांमध्ये, नाकात शिरतात. कुसळाला उलटा काटा असतो, ते आतच सरकतं. कुत्रं एका बाजूला मान झटकत राहिलं तर कान दाखवून घ्या. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कानामागं गोचीड तपासा. गोचिडातून ताप येतो आणि तो उशिरा कळला तर कुत्रं हातचं जातं.

घोणस आणि फुरसं दगडाच्या आडोशाला असतात. कुत्रं नाक घालून वास घेतं, म्हणून त्याला तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर दंश होतो. जखम कापू नका, करकचून बांधू नका, चालवू नका. उचलून न्या. सापाच्या विषावरचं औषध जनावरांनाही देतात, पण ते सगळीकडं नसतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी जवळचा दवाखाना कुठं आणि रविवारी उघडा असतो का, ते फोन करून विचारून ठेवा.

आपल्यामुळं दुसऱ्यांना त्रास

मोकळं सोडलेलं कुत्रं सशाच्या, मोराच्या, घोरपडीच्या मागं लागतं. आपल्याला गंमत वाटते. पण हे सगळे प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार संरक्षित आहेत आणि वन्यप्राण्याला हाकणं, पिटाळणं हेही त्या कायद्यात शिकारीत धरलं आहे. ‘कुत्र्यानं केलं’ हे उत्तर पुरत नाही.

दुसरं रोगाचं. गीरमध्ये २०१८ साली सिंह दगावले, तेव्हा काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा रोग कुत्र्यांतही असतो. म्हणून रेबीज आणि डिस्टेंपरची लस झाल्याशिवाय कुत्रं डोंगरावर नेऊ नये. त्याची घाण पिशवीत भरून खाली आणावी.

मेंढरांचा वाडा दिसला तर लांबून वळसा घ्या. राखणीची कुत्री तुमच्या कुत्र्याला पाहुणा समजत नाहीत. कुणाला चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.

वाट चुकलीच तर

थांबा. पहिली गोष्ट हीच. घाईत घेतलेला पुढचा फाटा पहिल्यापेक्षा वाईट असतो. कुत्र्याला पट्टा लावा, पाणी पाजा, स्वतः प्या. मग शेवटची खात्रीची जागा आठवा, देऊळ, टाकं, मोठं झाड, आणि तिथपर्यंत परत जा. वर चढावं लागलं तरी चालेल. नाळेनं उतरू नका. गाव जवळ दिसतंय म्हणून सरळ रेषेत जाऊ नका.

गुराखी, शेळ्या चारणारी आजी, शेतातला माणूस, कुणीही दिसलं तरी विचारा. विचारताना कुत्रं लांब धरा, त्यांची जनावरं बुजतात. दिवस मावळायला तास उरला असेल आणि वाट मिळाली नसेल, तर फोन करा. संकटात ११२, आणि वन्यप्राण्याचा प्रश्न असेल तर वनखात्याचा १९२६. रेंज नसेल तर उघड्या धारेवर या, दरीत ती मिळत नाही.

निघण्यापूर्वी एवढं तपासा

• पट्टा पाच-सहा फुटांचा, मजबूत, आणि घरी येईपर्यंत हातात. फोटोसाठीही सोडायचा नाही.
• गळ्यात फोन नंबर लिहिलेली पट्टी.
• मोबाईलमध्ये त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून घ्या. विजेरी वेगळी.
• कुत्र्याचं पाणी वेगळं, वाटी, पंजाला बांधायला पट्टी आणि चिकटपट्टी.
• जड कुत्रं उचलून आणता येईल अशी चादर. निदान दोन धडधाकट माणसं.
• कुठं चाललो आणि किती वाजता परत येणार, हे घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून जा.
• उजाडल्यावर चढा, दुपारी चारच्या आत खाली या. वेळ झाली तर माथा सोडून द्या.

भाचा अजून ब्रुनोला घेऊन जातो. पंजा भरायला तीन आठवडे लागले. आता पट्टा त्याच्या मनगटाला अडकवलेला असतो, पाणी चार लिटर असतं, आणि निघताना मला फोन येतो, “मामा, आशेवाडीतून चढतोय, तीनला खाली येतो.” तीनला पुन्हा फोन आला की मी जेवायला बसतो.